टकलावरचं टू-इन-वन

केस आणि किस्से यांचं उलटं असतं. केस रोज गळतात, किस्से रोज साचतात. अंबरनाथ पूर्वेला एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागे मी बारा वर्षं फार्मासिस्ट म्हणून उभी आहे, त्यामुळे दोन्ही प्रकार अगदी जवळून बघितलेत. केस दुकानात कुणी मागे ठेवून जात नाही (एक अपवाद पुढे येईल), किस्से मात्र सगळेच ठेवून जातात.

आधी औषधाचं सांगते. पूर्वी टकलासाठी लोशन वेगळं आणि गोळी वेगळी असायची. आता मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड एकाच बाटलीत येतात. टू-इन-वन! स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायची, ड्रॉपरने एक मिली टाळूला लावायचं आणि निदान सहा महिने वाट बघायची. यातलं 'वाट बघायची' एवढं सोडून बाकी सगळं पुरुषांना नीट समजतं.

* * *

या बाटलीचं आमचं सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाईक म्हणजे संकेत. वय एकतीस, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत क्वालिटी ऑफिसर, बदलापूरजवळ सोनिवलीत नवा वन-बीएचके. पगार चांगला, स्वभाव त्याहून चांगला. पण लग्न काही जमत नव्हतं.

कारण बायोडेटावरचा फोटो होता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला! मुलीकडची मंडळी फोटो बघून यायची, दार संकेतच उघडायचा आणि ते त्यालाच विचारायचे, "मुलगा घरात आहे ना?"

मी म्हटलं, "अरे, फोटो बदल की!"

"मॅडम, फोटो काय कुणीही बदलेल. मी फोटोपर्यंत पोचायचं ठरवलंय!"

मी बाटली दिली. एवढा आत्मविश्वास त्या औषधाच्या कंपनीलाही नसेल.

* * *

आमचे शेठ सिंधी, उल्हासनगरचे. माणूस मोठ्या मनाचा, पण डोक्यावर औषधाला केस नाही. आणि उभे कुठे राहणार? बरोब्बर लोशनच्या शेल्फसमोर! गिऱ्हाईक बाटली हातात घ्यायचं, शेठकडे बघायचं आणि बाटली परत ठेवायचं.

शेवटी मी धीर करून म्हटलं, "शेठ, हे औषध विकताना तुम्ही जरा आत बसत जा ना."

शेठना बिलकूल राग आला नाही. म्हणाले, "क्या मॅडम! अहो, मी तर 'बिफोर' आहे नी! 'आफ्टर' कॅम्प दोनच्या दुकानात बसतो!"

उल्हासनगरात वस्त्यांना कॅम्प एक ते पाच म्हणतात; दोनमधल्या त्या दुकानात त्यांचा धाकटा भाऊ बसतो. त्याचे केस कंगव्यालाही आवरत नाहीत. त्याने आयुष्यात डोक्याला पाण्याशिवाय काहीही लावलेलं नाही, हे शेठ सांगत नाहीत.

* * *

हे लोशन सुरू केलं की पहिले काही आठवडे काही जणांचे केस उलट जास्त गळतात. मी प्रत्येकाला आधीच सांगते. प्रत्येक जण मान हलवतो. ऐकत कुणीच नाही.

उल्हासनगरचे एक काका पाचव्या आठवड्यात आले आणि प्लास्टिकची पिशवी काउंटरवर ठेवली. आत केस! "बघा तुमच्या औषधाचा पराक्रम."

मी शांतपणे समजावलं, "काका, जुने दुबळे केस पडतात. ती जागा रिकामी झाली की तिथे नवे चांगले येतात. थोडा धीर धरा."

काकांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "मॅडम, आमची बिल्डिंग पण हेच सांगून पाडली. चार वर्षं भाड्याने राहतोय!"

एवढं बोलून काका निघाले. पिशवी मात्र ते तिथेच सोडून गेले.

* * *

फिनास्टेराइड गरोदर बाईच्या अंगाला लागू नये. म्हणून मी दरवेळी बजावते, "बाळाचा विचार चालू असेल तर बायकोला याला हात लावू देऊ नका. लोशन आपलं आपण लावायचं आणि हात धुवायचे." साधं वाक्य आहे. पण नवरे ते घरी नेईपर्यंत त्याचं काय करतील सांगता येत नाही.

एका संध्याकाळी एक बाई तरातरा आल्या. हातात भाजीची पिशवी, डोळ्यांत आग. "माझ्या नवऱ्याला मी हात लावायचा नाही, असं सांगणाऱ्या तुम्ही कोण?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. कुणीही औषध घेऊन गेलं नाही, सगळे ऐकत थांबले. 'बिफोर' शेठ तर स्टूल ओढून बसले!

* * *

दोन महिने झाले आणि संकेतचा धीर सुटला. कॅम्प दोनच्या बाजारातून त्याने कुठलीतरी चकचकीत बाटली आणली आणि मला अभिमानाने दाखवली. "मॅडम, इंपोर्टेड! डायरेक्ट यूएसए!"

मी बाटली उलटी करून बघितली. पत्ता नाही, बॅच नंबर नाही, इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग ज्याच्या-त्याच्या मनासारखं. आमच्याकडे अशा मालावरच्या 'यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असाच घेतात.

"यूएसए ठीक आहे रे. पण कॅम्प कितवा?"

बाटली कचऱ्यात गेली आणि संकेत मुकाट्याने जुन्या औषधावर परत आला.

* * *

सातवा महिना लागला. पुढच्या बाजूला बारीक लव दिसू लागली होती. संकेत ती मोबाइलचा टॉर्च लावून दाखवायचा, मीही दिसल्यासारखं करायचे. अशात वांगणीहून एक स्थळ आलं. मुलगी शिक्षिका. तिने चक्क स्वतः फोन करून संकेतशी तासभर गप्पा मारल्या होत्या आणि हा पठ्ठ्या पार विरघळला होता. "मॅडम, हे जमलं नाही तर मी पुन्हा कुणाकडे बघायला जाणार नाही," म्हणाला. हे तो गमतीने बोलत नव्हता.

तिचे वडील अण्णा. भातशेती करणारे, कडक. वांगणीच्या आजूबाजूच्या पाड्यांवरची दारू बंद करायला सगळ्यात पुढे हेच.

रविवारी सकाळी अकराला बघण्याचा कार्यक्रम. निघताना संकेतने एकाऐवजी चार मिली लोशन थापलं. वांगणी येईपर्यंत केस उगवतील अशी आशा असावी! त्या लोशनला स्पिरिटचा वास मारतो. संकेत अण्णांच्या पाया पडायला वाकला आणि अण्णा दोन पावलं मागे सरकले.

पाचच मिनिटांत माझा फोन वाजला. संकेतचा होता. "मॅडम, स्पीकरवर टाकलंय. जरा सांगा ना यांना, मी पीत नाही, लावतो!"

पलीकडून अण्णा. "बाय, तुमी काय इकता?"

"औषधं विकते, अण्णा. त्यांनी डोक्याला औषध लावलंय, त्याचा वास आहे."

"डोक्याला काय झालंय त्याच्या?"

आता काय सांगू? बेवडा म्हणवून घेऊ द्यावं की टकला म्हणून जाहीर करावं? तेवढ्यात संकेतच म्हणाला, "अण्णा, मला टक्कल पडतंय. फोटो जुना आहे. हे घ्या डोकं, वास घ्या. मग तोंडाचा घ्या."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. फोन कट झाला.

पुढे चार दिवस संकेतचा पत्ता नाही. फोन उचलत नव्हता. मला खरंच फार वाईट वाटत होतं. इतकी वर्षं ज्यांच्यावर हसले, त्यांच्यातल्या एकासाठी मी पहिल्यांदाच देवापुढे हात जोडले.

पाचव्या दिवशी पांढऱ्या टोपीतले एक वयस्कर गृहस्थ काउंटरशी येऊन उभे राहिले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवली आणि टोपी काढून हातात धरली.

"बाय, आमचं जावई डोक्याला लावतात त्ये द्या. आन् बिनवासाचं आसंल तर बगा, गावात माजं नाव हाय!"