बिनझाडाचं घर

शेलूबाजारच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी जो तांडा आहे, तिथं घराची ओळख झाडावरून सांगतात. टेकडीवरचा एकेक जुना मोह एकेका घराचा. कागद नाही, खूण नाही. पण फाल्गुन सरता सरता पहाटे फुलं गळू लागली, की ज्या घरची बाई झाडाखाली ओणवते, त्या घरचं ते झाड. दुसरं कुणी तिथलं फूल उचलत नाही.

गोमतीबाईच्या घरचा मोह एका वादळात मुळासकट आडवा झाला. तेव्हापासून बायका टोपल्या घेऊन निघाल्या की ती झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायची. थोरली जाऊ सोजरबाई परतताना तिच्या पदरात ओंजळभर फुलं टाकायची. "घे, लेकरायले भाजून दे." द्यायची प्रेमानंच, पण गोमतीबाईला ती ओंजळ जड व्हायची.

एखादं तरणं झाड जपावं, आपल्या घराचं करावं, म्हणून तिनं टेकडी पालथी घातली. साग होता, पळस होता. मोह मात्र सगळे म्हातारे, त्यांच्यात पोर म्हणून एक नाही. पावसाळ्यात तर त्यांच्या बुडाशी तांबूस पानांची रोपं तिनं स्वतः पाहिली होती. मग ती जात कुठं होती?

उत्तर होळीनंतर मिळालं. ऊसतोडीवरून तांडा परतला की बायका पहिलं काम तेच करत. झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा, म्हणजे साफ जमिनीवरचं फूल पटकन वेचता येतं. सासवांनी केलं, सुनांनी केलं, गोमतीबाईनंही केलेलं. त्या वर्षी राखेत बोटं फिरवताना तिच्या हाताला काडीएवढं जळकं रोप लागलं.

मंदिरापुढं बायका बसल्या तेव्हा ती म्हणाली, "झाडाखाली आग नका लावू. मोहाची लेकरं जळून राह्यली."

सोजरबाई हसली. "सोताचं झाड नाई, तं दुसऱ्याचा इस्तू इझवाले निघाली व्हय?"

"झाडून घ्या अन् लुगडं हातरा," गोमतीबाई म्हणाली.

"म्हंजे आता जमिनीले लुगडं नेसवाचं?" सोजरबाईच्या या बोलण्यावर सगळ्याच हसल्या.

गोमतीबाईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूलाच सोजरबाईच्या मोहाखाली जाऊन तिनं पाला झाडला, आपली दोन जुनी लुगडी अंथरली आणि बाजूला उभी राहिली. फुलाला हात लावला नाही. सोजरबाई आली, तर टपटप फुलं कापडावर पडत होती. चार कोपरे उचलले की टोपली भरली. फुलांना ना राख, ना माती; आणि संध्याकाळी सोजरबाईची कंबर दुखली नाही. कमरेची साक्ष नाकारता येईना. कौतुक मात्र तिनं केलं नाही. "लय फाटकं हाय तुह्यं लुगडं," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचं घेऊन आली.

"नेसाले एखादं ठेवजो घरात," गोमतीबाईचा नवरा गोविंदसिंग म्हणायचा.

हळूहळू तांडाभर लुगडी पसरली. आग थांबली तशी रोपं टिकली. मग ती शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून राखण आली, कुऱ्हाडबंदी आली. ऊसतोडीला न जाणारी म्हातारी माणसं पाळीपाळीनं टेकडी सांभाळू लागली. एका उन्हाळ्यात खालच्या रस्त्याकडून वणवा चढला, तेव्हा पळसाच्या ओल्या डहाळ्या घेऊन अख्खा तांडा धावला, आणि पुढं होती सोजरबाई. आता पार केनवडहून बायका टेकडी बघायला येतात. गोमतीबाई त्यांना फिरवते. "ही टेकडी आमी सगळ्याइनं राखली," असं सांगताना तिची मान ताठ असते.

आणि यंदा, इतक्या वर्षांनी, त्यातला एक तरणा मोह पहिल्यांदा फुलला.

तो कुणाचा? मंदिरापुढं बोलणं निघालं. एक म्हणे, माझ्याच झाडाचं बी. दुसरी म्हणे, माझ्या वाटेवरचं. गोमतीबाईच्या ओठांपर्यंत शब्द आला आणि तिथंच थांबला. टेकडी सगळ्यांची, हे तिनंच घरोघरी सांगितलेलं. आता 'माझं' कसं म्हणावं? सोजरबाई पदर झटकून घराकडं निघाली. बैठक तशीच उठली.

पहाटे ज्या त्या बायका आपापल्या झाडाकडं गेल्या. गोमतीबाईही निघाली, टोपली न घेता, नुसती फुललेलं झाड बघायला.

तरण्या मोहाखाली हिरवं लुगडं अंथरलेलं होतं, कोपऱ्यांवर दगड ठेवून. तिनं ते लगेच ओळखलं. आपल्या मुलाच्या, धनराजच्या लग्नात तिनंच सोजरबाईला नेसवलेलं ते. त्यावर पिवळसर फुलं पडली होती, मोजकीच, टपोरी.

सोजरबाई पलीकडं आपल्या झाडाखाली होती. मान वर न करता म्हणाली, "काहून उशीर केला? मुंग्या लागून राह्यल्या तुह्या फुलायले."

"टोपली नाई आणली, बाई."

"मंग पदर कायले हाय?"

गोमतीबाई आली होती त्या मागच्या पायवाटेनं परतली नाही. भरला पदर घेऊन तांड्याच्या मधून, दारादारांवरून घरी आली. धनराजची बायको रेणू अंगण झाडत होती. तिचा हात थांबला.

"कोणी देल्ली, मामी?" तिनं सासूला विचारलं.

"देल्ली नाई कोणी," गोमतीबाई म्हणाली. "आपल्या झाडाची हायेत."