भरल्या घरात ठेवलेली पत्रिका

माझ्या शहाणपणाचा हा किस्सा मी स्वतः काय सांगू तुम्हाला! पण गल्ली सांगते तेव्हा तिखटमीठ लावून सांगते, म्हणून माझ्याच तोंडून ऐका.

शेजारच्या रिटायर गुरुजींना मुलानं कॉम्प्युटर आणून दिला. गुरुजींनी एका बोटानं तीन महिने खपून गावच्या सगळ्या जवानांची माहिती त्यात भरली. पंधरा ऑगस्टला पुस्तक काढायचं होतं. आत भरून झालं म्हणून माहिती उतरवलेल्या जुन्या वह्या बंबात घातल्या!

आणि मी गेले, लेकीची पत्रिका जुळवायच्या प्रोग्रामची फ्लॉपी घेऊन. गुरुजींनी ती कॉम्प्युटरात सरकवली.

"वैनी, हे विचारतंय, कुठं बसू? नवा रिकामा कप्पा करतो म्हणतंय."

"आवं गुरुजी, लग्नाचं काम आन् रिकाम्या घरात? भरल्या घरात बसवा! त्या जवानांच्या कप्प्यात घाला की."

"चालंल व्हय?"

"न चालायला काय झालं? ते कुठं नको म्हणतंय?"

खरंच, हूं की चूं केलं नाही त्यानं! मुकाट आत जाऊन बसलं. आणि उत्तर काय दिलं? छत्तीसातले नऊ गुण! उंब्रजचं एवढं सोन्यासारखं स्थळ!

"खोटारडं हाय मेलं! काढा आधी भाईर!"

गुरुजींनी काढलं. ते गेलं, आणि जाताना जवानांचा अख्खा कप्पा घेऊन गेलं!

आता मला सांगा, भाडेकरू जाताना आपली वळकटी उचलतो, की मालकाचं घर? शिरताना तरी विचारायचं, 'बाई, इथं आधी कोण राहतंय?'

गुरुजी खुर्चीतच खचले. "वैनी, बंदूक न उडवता सगळी पलटण गारद केली तुमी."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "मी फिरते घरोघर. सगळं परत लिहून आणते."

आठ दिवस फिरले हो! घरटी दोन कप चहा. दोनशे पानी वही गच्च भरून गुरुजींपुढं ठेवली. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी बसलीय, कुठल्या सासूनं साखरेच्या डब्याला कुलूप घातलंय, एक गोष्ट सोडली नाही.

गुरुजींनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. चष्मा काढला.

"लय ब्येस लिवलंय वैनी. पर ह्यात जवान कुठं हायत?"

"आवं, त्येंना कसं विचारणार? एक बी घरी न्हवता!"