ठिपका कुणाच्या टाकीतला?

मासे पाळणारी चार माणसं एकत्र आली की माशांपेक्षा किश्शांची पैदास जास्त होते. त्यात माशांवर पांढरे ठिपके आले की विचारूच नका! सत्तरच्या दशकात सोलापुरात आमची चौकडी होती. मी बँकेतला कारकून, शिंदेमास्तर शाळेत विज्ञान शिकवणारे, नबीलाल घड्याळं दुरुस्त करणारा आणि मल्लेशम घरातच चादरींचे माग चालवणारा. चौघांच्या घरी काचेच्या टाक्या होत्या आणि चौघांचाही एकमेकांवर संशय होता.

हा रोग मुळातच संशयी माणसांसाठी बनलाय. माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके उठतात, आणि ओल्या हातातून, जाळीतून ते दुसऱ्याच्या टाकीत जातात. म्हणजे गुन्हेगार ओळखीचाच असणार!

*

पहिल्यांदा ठिपके आले मास्तरांच्या टाकीत. मास्तरांनी लगेच मल्लेशमला धरलं.

"जाळी तुझीच आणली होती मी!"

"जाळी माझी व्हती की. पण हात तुमचा व्हता मास्तर!"

मास्तरांना ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात लाल औषधाच्या, म्हणजे परमँगनेटच्या, पाण्याची बादली आली. हात बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही. आम्ही पोचलो की मास्तर ओरडायचे, "आधी मल्लेशम!"

त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे आले. बादली पाय धुवायला ठेवलीय, असं त्यांना वाटलं. लग्न जमलं, पण त्या औषधाचा डाग लवकर जात नाही; साखरपुड्यालाही व्याह्यांचे पाय तपकिरीच होते!

*

मग ठिपके नबीलालच्या आणि माझ्याही टाकीत आले. मास्तर म्हणाले, पाणी कोमट ठेवा. टाकीचा हीटर सोलापुरात कुठे मिळणार? नबीलालनं आईची शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरली आणि टाकीत सोडली.

म्हातारी दोन दिवस पिशवी शोधत होती. तिचा संशय सुनेवर. शेवटी टाकीत लाल पिशवी तरंगताना दिसली, तेव्हा गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "घुटने मेरे दुखते, सेक मछली कू!"

*

मग कुणीतरी सांगितलं, निळं औषध टाका. औषधाच्या दुकानात ते संपलं होतं. मास्तरांना आठवलं, मल्लेशमकडे सूत रंगवायचा निळा रंग आहे.

मल्लेशम हात जोडून म्हणाला, "चादरीचा रंग हाय मास्तर. माशाला नको."

झालं! मास्तरांना वाटलं, हा मुद्दाम औषध दडवतोय. हट्टानं पुडी नेली आणि टाकीत रिकामी केली. ठिपके दिसेनासे झाले. मासेही दिसेनासे झाले. टाकीच दिसेनाशी झाली!

पाणी बदललं तेव्हा सगळे मासे उलटे तरंगत होते. मास्तर म्हणाले, "त्यानं विष दिलं," आणि मल्लेशमचं येणं बंद केलं. मला फार वाईट वाटलं. रविवारच्या बैठकीत त्याचं स्टूल रिकामं राहू लागलं.

*

मे महिना आला आणि माझ्या टाकीतले, नबीलालच्या टाकीतले ठिपके आपोआप गेले. मी म्हणालो, मी पाण्यात टाकलेल्या मिठानं गेले. नबीलाल म्हणाला, पिशवीनं. मास्तर म्हणाले, माझ्या सल्ल्यानं.

मास्तरांच्या पत्नी पदरानं वारा घेत म्हणाल्या, "हितं माणसं उकडून निघालीत. ठिपकं कशाला ऱ्हातील?"

*

पुढच्या वर्षी थंडी ओसरताना बातमी आली, मल्लेशमच्या राजाला ठिपके आलेत. राजा म्हणजे त्याचा नर गोल्डफिश, त्याचा जीव की प्राण; टाकीत जोडीला मादी, राणी. मास्तर आम्हा दोघांना घेऊन तडक त्याच्या घरी निघाले.

मागांच्या खडखडाटात टाकी होती. राजाच्या दोन्ही गालांवर पांढरे बारीक ठिपके होते.

"रोगाचं मूळ सापडलं!" मास्तर म्हणाले. "हा मासा आजच्या आज पुरून टाक. नाहीतर आमची दारं तुला कायमची बंद."

मल्लेशमचा चेहरा उतरला. "चांगला खातोय की. दिसभर राणीमागं पळतोय. आजारी मासा पळंल का?"

"अंगाला खाज सुटलीय, म्हणून पळतोय!"

मल्लेशम टाकीसमोर आडवा उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "दारं बंद करा मास्तर. राजाला न्हाई मारनार."

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, तिघं या. मास्तरांना वाटलं, राजा गेला. ते सांत्वनाची वाक्यं जुळवतच निघाले. जाऊन पाहतो तर मल्लेशम खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा.

"राणीनं पहाटे अंडी घातली. पानापानाला चिकटल्यात. अंडी घालायच्या दिसांत नराच्या गालावर असले ठिपके येत्यात म्हनं. रोग न्हवं!"

नबीलालनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! वो ठिपके तो दूल्हे का सेहरा निकले!"

मास्तर घाईनं आत शिरायला लागले. मल्लेशमनं दारामागून लाल पाण्याची बादली पुढे सरकवली.

"आत या की. पण आधी मास्तर!"