बोल्टावरचं बोट

सेलूच्या नाक्यावरचा तो मिस्त्री माणसांशी कमी आणि इंजिनाशी जास्त बोलायचा. टायमिंगची चेन बदलल्यावर इंजिनातल्या दोन दातेरी चक्रांवरच्या खुणा जुळवताना शेजारी कुणी अक्कल शिकवलेली त्याला खपत नसे. पण भांडायचा नाही. शिकवणाऱ्याला बंपरचा एखादा बोल्ट दाखवून गंभीरपणे म्हणायचा, "याच्यावर बोट दाबून ठेवा, साहेब. सुटलं तं सारं टायमिंग गेलं." वकील काय, सरपंच काय, सगळे मुकाट्यानं दाबून बसत. मी लांबून पोट धरून हसायचो.

मग माझ्याच मोटारीची चेन गेली. "खूण एखादा दात पुढं तर नाही ना गेली?" मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तसं त्यानं बंपरकडे पाहिलं.

"डाक्टरसाहेब, तेवढा बोल्ट धरून राह्यता काय?"

मला सगळं माहीत होतं. तरी धरला.

त्यानं हँडल मारलं आणि इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. त्यानं हात पुसले, सावकाश चहा घेतला, मग म्हणाला, "सोडा आता."

इंजिनाचा आवाज बदलतो की काय, म्हणून मी श्वास रोखून बोट उचललं.