रस्त्याकडं तोंड करून उभा राहणारा माणूस

मामींचा फोन आला तेव्हा आम्ही डिव्हायडरवरच होतो. रविवारची सकाळ, झेंडूची रोपं पाट्या भरून आणलेली, खुरपी हातात, आणि बाबूमामांचा पत्ता नाही. ते कधीच उशीर करायचे नाहीत, म्हणून मी फोन लावणार तेवढ्यात त्यांच्याच नंबरवरून आला. मी उचलल्या उचलल्या ओरडले, "काय मामा, झोपला व्हय आज?" तिकडं मामी होत्या. "पोरी, मामा गेलं गं तुझं... पहाटं. छातीत कळ आली आणि संपलंच सगळं." माझा चेहरा बघून सगळे माझ्याभोवती गोळा झाले, काय झालं, काय झालं, आणि अगदी पाठीमागं एवढा मोठा हॉर्न वाजला की मी खालीच बसले. उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. त्याचा वारा अंगाला लागला. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी आली ती भीती. आम्ही सगळे फोनकडं बघत होतो आणि रस्त्याकडं कुणीच बघत नव्हतं. ते काम मामांचं होतं.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. आम्ही दर रविवारी गावात फुलझाडं लावतो. कचऱ्याचे कोपरे, चौक, आणि सगळ्यात अवघड म्हणजे रस्त्यातले डिव्हायडर. कुणी कॉलेजात, कुणी बँकेत, पाटीलकाकू रिटायर शिक्षिका. डिव्हायडर दिसायला बरा दिसतो, पण तिथं गुडघे टेकून बसलात की पाय रस्त्यावर येतात. डोकं मातीत, पाय गाड्यांत. म्हणून एक माणूस टोकाला उभा करायचा, येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून. काही आलं की तो ओरडणार, "उठाऽऽ!" की सगळ्यांनी पाय गोळा करून वर उभं राहायचं, गाडी जाऊस्तोवर. बास. एवढंच काम. बाबूमामा तेवढंच करायचे. आमच्यात आल्यापासून त्यांनी एक रोपसुद्धा लावलं नाही!

शिवाजी पेठेत त्यांचं गॅसच्या शेगड्या दुरुस्तीचं दुकान होतं, एका माणसाला बसता येईल एवढंच. तरुणपणी पेठेच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. हात अजून तसेच, लांबलचक. पहिल्यांदा आले तेव्हा ओंकार, आमच्यातला सगळ्यात धाडसी, जिमवाला, तो म्हणाला, "मामा, घ्या खुरपं." तर मामा म्हणाले, "मला वाकाय येत न्हाय बाबा. उभं ऱ्हायचं काय असंल तर सांग." आणि उभे राहिले. लाल बादली हातात, पाय फाकून, गोलात उभं राहावं तसे. पर्यटकांच्या गाड्यांना बादली दाखवून ओरडायचे, "ओ पावणं, हळू! अंबाबाई कुठं पळून जात न्हाय!" आम्ही खाली बसून खिदळायचो.

मी मात्र तिथं पहिल्यापासून घाबरायचे. मला आवाजाचीच भीती वाटते, आणि ट्रॅक्टर लांब असला तरी मी आधीच उठून उभी. ओंकार चिडवायचा, "हिला घरात कुंडीत लावा." एकदा मामांनी मला टोकाला बोलावलं. म्हणाले, "भ्या वाटतंय व्हय?"

"व्हय मामा. लई."

"मलाबी." मला वाटलं मस्करी करतायत. पण त्यांची नजर रस्त्यावरच होती. "पोटात गोळा येतोय बघ दर रविवारी. सकाळी च्यासुद्धा जात न्हाय. गोलातबी तसंच व्हायचं. ज्याला भ्या न्हाय त्यानं फॉरवर्डला खेळावं, गोलात उभं ऱ्हाऊ न्हाय. ट्रॅक्टर येतोय बघ. पुढचं डोस्कं बघू नगंस, ते सरळच जातंय. मागची ट्रॉली बघ, ती हलतीया." आणि खरंच, मागची ट्रॉली वळणावर शेपटीसारखी आमच्याकडं झुकली. "उठाऽऽ!" मामा ओरडले, तेव्हा त्यांचा आवाज फाटला होता. इतकी वर्षं मी तो आवाज रागाचा समजत होते. तो भीतीचा होता!

मामा गेल्यावर दोन-तीन रविवार कुणी गेलंच नाही. मग ग्रुपवर फोटो यायला लागले, झेंडू मान टाकलेला, बोगनवेलीत कुणीतरी कचऱ्याची पिशवी ठेवलेली. काकूंनी मेसेज टाकला, अजून एक आठवडा गेला तर तो परत कचऱ्याचा डिव्हायडर होणार, कोण येतंय? आम्ही गेलो. आणि आम्ही जे केलं ते कुणीही केलं असतं, टोकाला ओंकारला उभा केला. सगळ्यात उंच, सगळ्यात धीट. तो मस्त उभा होता, गाड्यांना हात करत होता, ओळखीच्यांशी बोलत होता. टेम्पो आला तर म्हणाला, "जातोय तो, बसा बसा." टेम्पो गेला... काकूंच्या चपलेवरून गेला. पाय त्यांनी तेवढ्यात आत ओढला म्हणून वाचला. नुसती चप्पल, चपटी झालेली, रस्त्याच्या मध्ये. ओंकार पांढराफटक पडला. काकू पाट्या गोळा करायला लागल्या. म्हणाल्या, "पुरे आता. फुलांपायी कुणाचा जीव जायला नको."

आणि माझ्या तोंडातून गेलं, "मी उभी ऱ्हाते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "तू?" ओंकार म्हणाला, पण चिडवून नाही. "तुला तर भीती वाटते की गं."

"व्हय," मी म्हणाले. "म्हणूनच."

गेल्या रविवारी मी उभी राहिले. सकाळी चहासुद्धा गेला नव्हता, लाल बादली हातात, आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी थेट माझ्याच अंगावर येणार असं वाटत होतं. लांब वळणावर काहीतरी हललं आणि मी अशी किंचाळले, "उठाऽऽ!", की मागं सगळे धडपडत उठले. ती रिक्षा निघाली. तीही आमच्यापर्यंत आलीच नाही, अलीकडच्या बोळात वळली.

"एका रिक्षापायी उठवलंस व्हय गं?" काकू मागनं ओरडल्या. "गुडघं गेलं की माझं!"

"उठवलं. परत उठवीन!"

हसले सगळे. मग मागं जरा शांत झालं, आणि मला धस्स झालं, गेले की काय? वळून बघावंसं वाटत होतं, पण समोरून ट्रॅक्टर दिसायला लागलेला, अजून खूप लांब. मान वळवता येईना. आणि मग खुरप्यांचा आवाज परत चालू झाला. एक, मग दुसरं, मग सगळीच. म्हणजे ते पुन्हा बसले होते, पाय रस्त्यावर टाकून, डोकं मातीत घालून. तेव्हा कळलं मला, मामांनी आम्हाला एकही रोप लावताना कधी बघितलं नव्हतं. इतके रविवार ते फक्त हा आवाज ऐकत होते... आणि मी मागच्या ट्रॉलीवर नजर ठेवली.