शेवटचा हात कोणाचा?

गाडी सुरू होत नाही म्हणून कोणी गॅरेजात आलं, तर वकील आधी बॉनेटला हातच लावत नसे. वकील म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचा मेकॅनिक. उलटतपासणीच्या खोडीमुळे गल्लीने त्याला हे नाव ठेवलेलं. मालकाला तीन पायांच्या स्टुलावर बसवायचं आणि विचारायचं, "गाडीला शेवटचा हात कोणाचा?" मालक हमखास म्हणे, "कोणाचाच नाही हो!" मग हळूहळू पोटातलं ओठांवर येई. मेव्हण्याने हॉर्न बदललाय, धाकट्याने इंजिनावर पाण्याची नळी सोडलीय. "गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलतो," हे वाक्य वकील घरी जेवताना इतक्यांदा ऐकवी, की बायकोला आणि मुलीला ते तोंडपाठ झालं होतं.

त्या सकाळी त्याचीच गाडी घरासमोर अडून बसली. नऊला मुलीची नोकरीची मुलाखत, आयुष्यातली पहिली. उशिरा आलेल्याला आत घेणार नाही, असं पत्रातच लिहिलेलं. घड्याळात सव्वाआठ.

किल्ली फिरवली की दिवे लागत, हॉर्न ठणठणीत, पण सेल्फ स्टार्टर मुका. साधा 'टक्' म्हणून आवाज नाही.

"बाबा, मी भाड्याची गाडी बोलावते."

"मी जिवंत असताना? पाच मिनिटं दे!"

बॅटरी भरलेली होती, तारा घट्ट, फ्यूज शाबूत. करंट किल्लीपासून निघत होता आणि सेल्फला पोचायच्या आत कुठेतरी गडप होत होता. पाचाची वीस मिनिटं झाली. "सेल्फ उतरवावा लागणार," म्हणत वकील पाना शोधू लागला. मुलीचे डोळे भरले. पण माघार घेईल तर तो वकील कसला!

तेवढ्यात बायकोने स्वयंपाकघरातलं स्टूल आणून रस्त्यावर आपटलं.

"बसा."

"अगं, ही काय वेळ आहे?"

"बसा म्हणते ना! गाडीला शेवटचा हात कोणाचा?"

"कोणाचाच नाही!"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"काल चष्मा सीटखाली पडला, तो चाचपडून काढला," वकील पुटपुटला. "बस, एवढंच."

"सीटखाली काय आहे?"

वकील स्टुलावरून ताडकन उठला. वर्षापूर्वी चोरांच्या धास्तीने त्यानेच तिथे एक छुपं बटण बसवलं होतं. ते दाबलं की सेल्फचा करंट तुटे. चोराला सापडू नये म्हणून त्याने ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि पुढे स्वतःही साफ विसरला होता.

बटण वर केलं. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. वाटभर वकिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

नऊला चार मिनिटं कमी असताना मुलगी फाटकाशी उतरली आणि खिडकीत वाकली. "बाबा, एखादं उत्तर आलंच नाही तर?"

"तर सरळ सांग, येत नाही म्हणून," वकील म्हणाला. "माझ्यासारखी पंचवीस मिनिटं लावू नकोस."