देवमाशासाठी काच

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे मिचक्या म्हणतात. लहानपणी फोटोला उभा केला की डोळे मिटलेच म्हणून समजा. आणि नशिबाची गंमत बघा, हाच पुढे पासपोर्ट फोटोवाला झाला! तीस वर्षं एकाच खोलीत, पांढऱ्या पडद्यासमोर, एकाच स्टुलावर लोकांना बसवून "हनुवटी खाली, डोळे उघडे" म्हणतोय. हसरं माणूस त्याला चालत नाही. मला म्हणतो, "ताई, तुझा फोटो कुठल्याच कचेरीत पास व्हायचा नाही."

तर असा हा माणूस एके दिवशी घामाघूम होऊन माझ्या दारात.

"ताई, तलावाच्या तळावर नवा थर घालतायत. देवमासा जाणार."

आमचे अण्णा, म्हणजे वडील, फरशी बसवायचे. त्यांच्या हातचं सगळ्यात मोठं काम म्हणजे पोहण्याच्या तलावातला हा देवमासा. छप्पर असलेला बंदिस्त तलाव, आणि तळाशी निळ्या-करड्या तुकड्यांचा वीस पावलं लांब मासा. स्वतः अण्णांना पोहता यायचं नाही, गुडघाभर पाण्यात गेले तरी कठडा धरायचे, ते सोडा. पण अख्ख्या माशाचा फोटो कुणाकडेच नव्हता. भिंती इतक्या जवळ की मागे सरकायला जागा नाही. साध्या लेन्समध्ये एक तर शेपूट यायचं, नाही तर तोंड. अण्णा गेले, आता मासाही चालला.

मिचक्यानं खेटे घालून परवानगी काढली. रविवारी सकाळी सात ते आठ. आठला ठेकेदाराची माणसं येऊन तलावातलं पाणी सोडून देणार, मग बाहेरच्या माणसाला आत पाऊल टाकू देणार नाहीत. म्हणजे एक तास, बस.

अख्खा तलाव मावेल अशी खूप रुंद लेन्स भाड्यानं आणायला मी त्याच्याबरोबर गेले. पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. मिचक्याला उघडी लेन्स बघवत नाही. बाळाला टोपडं घालावं तसा तो प्रत्येक लेन्सला फिल्टर घालतो.

"यावर एक फिल्टर बसवून द्या," म्हणाला.

"कुठे बसवू? पुढे आटे आहेत का?" दुकानातल्या बाई तिखट होत्या. "याला वेगळी चौकट लागते, आणि तिच्यात बसणाऱ्या ताटाएवढ्या काचा."

त्यांनी काचा मांडल्या. एक काळीकुट्ट, तिच्यातून बराच वेळ फोटो घेतला की हलतं पाणी धुक्यासारखं दिसतं. एक अर्धी काळी, आभाळ फार उजळ असेल तर. तिसरी फिरवायची, पाण्यावरची चमक मारणारी.

"हीच!" मिचक्या म्हणाला.

"रुंद लेन्सला ही सगळीकडे सारखी चालत नाही हं. नीट तपासून घ्या."

आमच्या पठ्ठ्यानं तपासली. कशावर? न्हाणीघरातल्या बादलीवर! तळाशी भावजयीचा कंगवा टाकला, काच फिरवली, चमक गायब, कंगव्याचा दात न् दात दिसला. पोरासारखा ओरडला, "पास!" बाहेरून भावजय म्हणतेय, "अहो, मला आंघोळीला पाणी मिळेल का, की बादलीचाही पासपोर्ट निघतोय?"

रविवारी सातच्या ठोक्याला आम्ही तलावावर. उडी मारायच्या उंच ओट्यावर तिवई लावली. छताच्या काचांमधून उजेड ओतत होता आणि पाणी नुसतं चकाकत होतं. त्यानं काच फिरवली. शेपूट स्वच्छ दिसलं, तोंडावर पांढरी चादर. उलटी फिरवली. तोंड आलं, शेपूट गेलं. मधोमध ठेवली तर नुसतं पोट.

बादली एवढीशी, तिची चमक एकाच बाजूची. हा तलाव पसरलेला, टोकाटोकाची चमक वेगळी. दुकानातल्या बाई हेच तर सांगत होत्या. पण ऐकतो कोण!

साडेसात झाले. तो काच नुसती पुढे-मागे फिरवत राहिला, तेव्हा मात्र मी थट्टा सोडली.

"तीन फोटो काढ नि जोड ना रे," मी म्हटलं.

"अण्णांनी जोडलाय, ताई. एकेक तुकडा. मी पुन्हा काय जोडू?"



तेवढ्यात तलाव साफ करणाऱ्या बाई लांब दांड्याची जाळी घेऊन आल्या. मघापासून आमची सर्कस बघत होत्या.

"तुम्हाला वरची चमक हवीय का तळ?"

"तळ," मिचक्या म्हणाला. आवाज पार बसलेला.

"मग पडदे का उघडे ठेवलेत? आम्हाला तळाची घाण बघायची असली की छताचे पडदे ओढतो नि पाण्यातले दिवे लावतो. केस पडला असेल तरी दिसतो."

पाण्यात दिवे आहेत हे आम्हा दोन शहाण्यांना माहीतच नव्हतं! बाईंनी दोरी ओढली. एक पडदा अडकला, त्याला त्यांनी जाळीच्या दांड्यानं असा ढोसला की तो मुकाट पुढे गेला. वर अंधार झाला, खाली दिवे लागले. आणि देवमासा आला. तोंड, पोट, शेपूट, तुकड्यांमधल्या सांध्यांसकट, जणू पाणी नव्हतंच.

मिचक्यानं कॅमेऱ्यात पाहिलं नि कपाळाला आठी घातली. "काच उजेड खातेय."

"मग काढ की ते टोपडं!"

क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग चौकट, काच, सगळं उतरवून माझ्या हातात दिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा उघडी लेन्स. पाणी अगदी थांबायची वाट पाहिली आणि बटण दाबलं. एकदा. दोनदा. नंतर किती वेळा, मी मोजलं नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून करून बघितलं आणि तिथेच ओट्यावर फतकल मारून बसला.

"आला?"

"आला, ताई. सगळा."

सकाळपासून माझ्या छातीवर कुणी तरी बसलं होतं, ते उठून गेलं. मी बाईंना मिठीच मारली. त्या बिचाऱ्या जाळी सांभाळत "अहो, ओलं आहे, ओलं आहे!" करतायत.

आठला पाच मिनिटं होती. मिचक्यानं पँट दुमडली नि काठावर बसून पाय पाण्यात सोडले. मीही सोडले. खाली देवमासा, वर आमचे चार पाय. 

दार वाजलं, माणसांचे आवाज आले. बाई म्हणाल्या, "पाय काढा आता, पाणी सोडतायत."

"सोडा, सोडा," मिचक्या म्हणाला, आणि माझ्याच पदराला पाय पुसायला लागला.